चक्की चालू असताना लागलेला दिवा

मोठे भाऊजी,

तुमच्याशी थेट बोलायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी तुमच्या दाराच्या चौकटीशी उभी राहून तीनदा हाक मारली, तेव्हा तुम्ही ऐकायला नव्हता. चोवीस वर्षं आपण एका अंगणात काढली. तुमच्या आजारपणात तुम्ही माझ्या हातची खिचडी खाल्लीत, माझ्या चक्कीची जळालेली मोटार तुम्ही चार वेळा नवी तार गुंडाळून भरून दिलीत. पण धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर यायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही आपल्या घरची रीत. आपल्या आर्णीत आता ती फारशी कोणी पाळत नाही. नव्या सुना भासऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजाराला जातात. आपण मात्र पाळत राहिलो. तुम्ही मोडली नाहीत म्हणून मी मोडली नाही, आणि विचारलं असतं तर तुम्हीही अगदी हेच सांगितलं असतं.

तुमची तेरवी होऊन महिना उलटला. ज्यांना तुमच्याबद्दल बोलायचं होतं ते बोलून गेले. किती शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी तुम्ही भरल्या, कधी कोणाला परत पाठवलं नाही, स्वभावानं किती शांत, सगळं झालं. मी चहाचे कप भरत होते. माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. तुम्ही गेलात त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरातला लाल दिवा लागला होता. तो तुम्ही लावलात, की आपोआप लागला?

डॉक्टर दुपारी आले. दारातूनच अंदाज घेतल्यासारखं करून म्हणाले, "पहाटेच गेलेत, झोपेत." दिवा लागला तेव्हा तर चांगलं उजाडलं होतं, माझी चक्की सुरू होती. पहाटे गेलेल्या माणसानं उजाडल्यावर बटन कसं दाबलं? शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आत्म्यानं निरोप देला वो बाई, जातो म्हणून." आत्म्यावर माझा विश्वास बसायचा तेव्हा बसेल. दिव्याच्या त्या डब्यावर मात्र माझा कधीच नव्हता.

दिवा तुम्ही लावला असेल, तर तुम्ही उठला होतात, मला तसं कळवलंत आणि माझ्या चहाची वाट पाहिलीत. आपोआप लागला असेल, तर तुम्ही कोणालाही न सांगता निघून गेलात आणि मी एका खोट्या दिव्यासाठी चहा ओतला. मीनूचे बाबा म्हणतात, "आता काय फरक पडते?" मला पडतो. गेला महिनाभर मला दुसरं काही सुचलेलं नाही.

मी संशयी आहे हे तुम्हाला ठाऊक होतंच. पिठाच्या चक्कीवर बसणाऱ्या बाईनं भोळं राहून चालत नाही. दहा किलो गहू आणणारी बाई पीठ नेताना आधी पिशवीकडं पाहते, मग माझ्याकडं. मी तिच्या गव्हातली ओल पाहत असते. दोघी हसून बोलतो आणि दोघींना एकमेकींचा भरवसा नसतो. तुमच्याबद्दलचा माझा संशय चक्कीवरूनच होता. मामंजींनी चक्की टाकली, मोटार तुम्ही बसवलीत, आणि वाटणीत ती आमच्याकडं आली. तुम्ही त्यावर कधी एक शब्द काढला नाहीत. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कसं कळावं? म्हणून मी तुमच्या वतीनं मनातल्या मनात सगळं बोलून घेतलं, आणि मग त्या बोलण्याचा तुमच्यावरच राग धरला.

आमची मीनू घरी होती तोवर आपलं पोस्ट ऑफिस चालू होतं. "मीनू, मोठेबाबाले म्हणा, भाकरी झाल्या." "मीनू, आईले सांग, चक्कीचा पट्टा ढिला झाला." तुम्ही चार हातांवर बसलेले असायचात, शब्द सगळे माझ्या कानावर पडलेले असायचे, तरी मीनूनं ते पुन्हा सांगितल्याशिवाय मी ते ऐकले नाहीत असंच आपण दोघं धरायचो. पोरगी वैतागायची. "तुम्ही दोघं एकदाचे बोलून काहून नाही घेत?" म्हणायची. मग जाऊबाई गेल्या, आणि त्याच वर्षी मीनू नर्सिंगला नागपूरला गेली. मीनूचे बाबा झरी जामणीकडच्या शाळेवर, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. घरात उरलो तुम्ही आणि मी. मधे अंगण.

तुमच्या छातीत एकदा दुखून गेलं होतं, तेव्हापासून ह्यांना, तुमच्या बाळूला, घोर. "भाऊ सकाळी उठला का नाही, तुले कसं समजन?" मीनूनं फोनवरून सुचवलं, मोठेबाबांनी आईला मिस कॉल द्यावा. तुम्ही अंगणातून ह्यांना सांगितलंत, "मिस कॉल कायले? बाईमाणसाले असा रोज फोन लावणं बरं दिसते का? माह्याजवळ उपाय हाये." नागपूरला एका बंगल्यावर पाण्याच्या मोटारीच्या कामाला तुम्ही गेला होतात, तिथं त्यांनी काढून टाकलेले दोन पांढरे डबे तुम्ही जपून आणले होते. एक डबा तुमच्या उशाशी, त्यावर बटन. दुसरा माझ्या स्वयंपाकघरात, त्यात छोटा लाल दिवा, थोडा वेळ लागून आपला विझणारा. दोन्ही साध्या प्लगमध्ये खोचायचे. मधे वेगळी तार नाही. "घरभर तारा आधीच हायेत, त्याच तारेतून निरोप जाते," तुम्ही ह्यांना समजावत होता आणि मी दाराआडून ऐकत होते. विजेच्याच तारेतून विजेबरोबर निरोप जाणार, हे मला तेव्हाच खोटं वाटलं. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही तो बसवलात त्या दिवशीची गंमत आठवते? हे शाळेवर. तुम्ही तुमच्या खोलीत बटन दाबलंत. दिवा माझ्या खोलीत. लागला की नाही हे तुम्हाला सांगणार कोण? वायरमन लोक कसं एक जण खटका दाबतो, दुसरा तिकडून ओरडतो, "लागला!" मी ओरडणार कशी? मग तुम्ही भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "दिवा लागला असन तं कोणी तरी काही तरी वाजवा." मी परातीवर उलथनं हाणलं. मांजर पळालं. तुम्ही पुन्हा दाबलंत, मी पुन्हा हाणलं. सहा-सात वेळा झालं. तिकडून तुमचं हसणं ऐकू आलं, इकडं मी पदर तोंडात कोंबून हसत होते. चोवीस वर्षांत आपण दोघं एकाच वेळी हसलो असू तर त्याच दिवशी.

मग रोजचं ठरलं. तुम्ही उठलात की बटन. माझा दिवा लागला की मी चहा टाकायचा, कप-बशी अंगणातल्या ओट्यावर ठेवायची, आत यायचं. मी आत गेले की तुम्ही येऊन कप न्यायचात. पंधरा दिवस सुरळीत चाललं, आणि नंतर दिव्यानं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. दोन दिवस लागायचा, तिसऱ्या दिवशी नाही. ज्या दिवशी लागत नसे त्या दिवशी माझा जीव खालीवर. आत तर जाता येत नाही. मग मी अंगणात येऊन परात वाजवायची, आतून तुम्ही खोकायचात. खोकला आला म्हणजे माणूस आहे. मी चहा टाकायची, पण रागानं, आणि साखर कमी.

शनिवारी ह्यांच्यापुढं आपला दावा चालायचा. तुम्ही ओट्यावर, मी दाराआड, हे मधे. तुम्ही म्हणायचात, "म्या बटन रोज दाबतो. तिकडं डब्याच्या बाजूले मोबाईलचा चार्जर लावते कोणी तरी. त्याची खरखर तारेत उतरते, निरोप गडबडते." मी आतून म्हणायची, "चार्जर काढून ठेवतो म्हणा. पण बटन दाबलं जाते का, ते बी पाहा म्हणा." चार्जर काढला. आठवडा बरा गेला. पुन्हा तेच. मग तुम्ही म्हणालात, चक्की चालू असली की निरोप पोहोचत नाही, मोटार तो खाऊन टाकते. आता माझ्या चक्कीवर आलं! मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दिवा नाही लागला का कोण किती घाबरते, ते पाहून राह्यले, दुसरं काही नाही. मुद्दाम दाबत नाहीत." तुम्ही उठून आत गेलात. दोन दिवस ओट्यावरचा चहा साय धरून तसाच राहिला. अबोला धरायची तुमची तीच पद्धत होती आणि ती मला चांगली ठाऊक झाली.

आणखी एक खोड त्या डब्याला होती. लाईन जाऊन आली की दिवा आपोआप लागायचा, कोणी बटन दाबो न दाबो. तुम्हीच ह्यांच्या तोंडून कळवलं होतंत, "लाईन आल्यावर लागला तं तो माहा समजू नका म्हणा. न लागलेला दिवा परवडला. उगाच लागलेला वाईट, तो माणसाले गाफील ठेवते." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. आता रोज आठवतं.

मग तो बुधवार. मी आठवडी बाजारातून लवकर परतले, तर तुम्ही चक्कीच्या खोलीतून बाहेर येत होता. खिशात पक्कड, बाह्या पिठानं पांढऱ्या. मला पाहून तुम्ही खाली मान घालून निघून गेलात. चक्कीची एक किल्ली तुमच्याकडं मामंजींच्या काळापासून होती, ती तुम्ही कधी वापरली नव्हती. माझ्या डोक्यात नको ते सगळं आलं. शेवटी भाऊजींच्या मनात चक्की आहेच. मोटार पाहून ठेवत असतील. काही काढून नेलं असेल. मी बोर्ड पाहिला, मोटार पाहिली, पट्टा पाहिला. काही कमी झालेलं दिसलं नाही, त्यानं संशय वाढलाच. मी तुळशीला पाणी घालताना तुळशीलाच म्हणाले, "आमच्या माघारी आमच्या चक्कीत कोणाचं काय काम असते, देवाले माहीत." तुमच्या खोलीची खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवसापासून दिवा असा चालायला लागला की विचारू नका. रोज लागे. चक्की बंद असो की चालू, एक दिवस चुकला नाही. दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. मी म्हटलं, दोन वर्षं रडणारं यंत्र एका रात्रीत शहाणं होतं कसं? भाऊजींनी त्याला घड्याळ जोडून दिलं असणार. म्हणजे बटन दाबायची कटकट नाही, मी दिवा पाहून चहा टाकत राहणार आणि भाऊजींनी आत निवांत झोपावं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी मी भांडी घासता घासता मोठ्यानं बोलले, "दिव्याले घड्याळ लावून देलं वाटते कोणी तरी. आता माणूस असो का नसो, दिवा लागतेच." तुम्ही ओट्यावर बसला होता. उठून आत गेलात. तुम्ही माझं ऐकलेलं शेवटचं बोलणं हे.

त्या सकाळी चक्कीवर गर्दी होती आणि लाईनचा खेळ चालला होता. जाई, येई, पुन्हा जाई. तांड्यावरची देवका ज्वारी घेऊन आली होती. तिचं दळण टाकलं आणि मागच्या दारातून माझ्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरातला लाल दिवा लागला. मी तिला म्हटलं, "पाहून घेजो जरा, चहा मांडून येतो." चहा टाकला, ओट्यावर ठेवला, परत चक्कीवर आले. तासाभरानं पाहिलं तर कप तसाच. मला वाटलं, अबोला. कालचं बोलणं लागलं असेल. लागू दे. मी पुढचं दळण टाकलं, त्याच्या पुढचं टाकलं. दुपारी बारा वाजता कपात माशी पडलेली पाहिली, तशी धावत जाऊन परात वाजवली. खोकला आला नाही. मग मी चौकटीशी जाऊन तुम्हाला हाक मारली, आणि मग रीत मोडून आत आले. तुम्ही कुशीवर होता, चादर खांद्यापर्यंत, हात उशीखाली. झोपलेल्या माणसासारखेच. त्यावरून काहीही कळत नव्हतं.

तेरवीचे पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. आधी तुमचा डबा खोलला, मग माझा. घड्याळ कुठंच नव्हतं. मग चक्कीचा मोठा बोर्ड खोलला. आतल्या बाजूला, मी त्या बुधवारी जिथं पाहिलं नव्हतं तिथं, एक कंडेन्सर आणि तांब्याच्या तारेच्या तीन नीट गुंडाळ्या बसवलेल्या होत्या. मोटारी भरणाऱ्या माणसाचे वेढे, एकावर एक, कुठं एक वेढा सुटलेला नाही. वर पांढऱ्या पट्टीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "मीनूच्या आईचा दिवा. काढू नये."

मी बोर्डासमोर पिठात बसले आणि रडले. तुमच्या घरातून माझ्या चक्कीत येऊन तुम्ही काय नेलंत याचा हिशेब मी करत होते, आणि तुम्ही तिथं माझ्याचसाठी काहीतरी ठेवून गेला होता.

तुमच्या पेटीत वेढ्यांचं टिपण ठेवायची वही सापडली. मागच्या पानांवर दिव्याच्या तक्रारी होत्या. चार्जर, चक्की, आणि मग एक ओळ: "काल संध्याकाळी स्वयंपाकघर डिम होतं, मग उजळलं. तिनं फेज बदलला. आज निरोप गेला नाही." खाली, "परत तेच." त्याखाली, "फेज बदलला का आपला निरोप एका तारेवर, तिचा डबा दुसऱ्या तारेवर. सांगावं कसं? बाळूले सांगतलं तं तो तिच्यावर चिडन. राहू दे. स्वयंपाकाले उजेड लागतेच. आपणच चक्कीच्या बोर्डात तिन्ही तारांले जोड देऊ, मोटारीची खरखर बी थांबन."

आता मी कबूल करते. फेज मी बदलत होते. चक्कीमुळं आपल्याकडं थ्री फेज, विजेच्या तीन तारा, संध्याकाळी एक डिम झाला की खटका फिरवून दुसरा घ्यायचा, यात कोणाला सांगण्यासारखं काय असतं? सगळं गाव करतं. चूल-भांड्याइतकं अंगवळणी पडलेलं काम. माझ्या हातानं मी वरचेवर तुमचा निरोप तोडत होते आणि सकाळी तुमच्यावर संशय घेत होते. तुम्हाला ते कळलं होतं. एका वाक्यात मला खोटं पाडता आलं असतं. शनिवारच्या त्या दाव्यात तुम्ही ते वाक्य बोलला नाहीत. मला त्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात, आणि खरं सांगू का, तुमचा रागही येतो. भिंतीला तरी सांगायचं होतंत. तुळशीला सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं.

पण माझा प्रश्न तसाच राहिला. घड्याळ नव्हतं, हे ठीक. लाईन जाऊन आली की दिवा आपोआप लागतो, ही खोड मात्र होतीच. मी मेन खटका पाडून पुन्हा वर केला. दिवा लागला. चार वेळा केलं, चारही वेळा लागला. आणि त्या सकाळी लाईन तीनदा गेली होती. मग तो दिवा तुमचा कशावरून?

दोन रात्री झोप नाही. मग चक्कीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. लाईन नुसती पापणी लवेपर्यंत जरी गेली तरी चक्कीचा स्टार्टर खाली पडतो. घरातला पंखा कळू देत नाही, पण मोटार थांबतेच, पुन्हा हिरवं बटन दाबल्याशिवाय चालू होत नाही. दिवा लागला तेव्हा देवकाची ज्वारी चक्कीत होती. ती ज्वारी मधे न थांबता दळली गेली असेल, तर लाईन गेलीच नव्हती. आणि लाईन गेली नव्हती, तर दिवा लावायला तुमचं बोट सोडून दुसरं काहीच उरत नाही. मला आठवेना. त्या दिवसाचं सगळं डोक्यात कालवून गेलं होतं. तीनपैकी कोणती लाईन कोणाच्या दळणात गेली, शपथ घेऊन सांगता येईना.

देवका महिनाभर चक्कीवर आली नव्हती. मला वाटलं, अपशकुन मानून दुसरी चक्की धरली. चौकशी केली तर ती कापूस वेचायला महागावकडं लेकीकडं गेलेली. परवा परतल्याचं कळलं, तशी मी स्कूटी काढली आणि तिचा तांडा गाठला. जाताना ठरवलं, सरळ विचारायचं नाही. दुःखातल्या बाईला बरं वाटावं म्हणून माणसं हवं ते सांगतात. म्हणून मी तिला दुसराच गळ टाकला.

"देवका, त्या दिवशीच्या तुह्या ज्वारीत भरड गेलती का वं? मधात चक्की थांबली का पिठात भरड पडते. गेली असन तं सांग, तेवढं पीठ बदलून देतो."

फुकटचं पीठ मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? खोटं बोलायचं असतं तर तिला हो म्हणण्यातच फायदा होता. देवकानं कमरेवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"कायची भरड? मैद्यावानी आलतं पीठ. माह्या आंधीच्या माणसाचं दळण दोनदा थांबलं, तो किती बोंबलला, ध्यानात नाही का तुह्या? माहं एका दमात झालं. म्या तं पोतं धरून तिथंच बसली होती. तू चहा मांडाले गेली, आली, तवरीक झालं बी." मग तिचा आवाज खाली आला. "काहून वं याडी, माय, रडून काहून राह्यली? पिठासाठी कोणी रडते का?"

तर मोठे भाऊजी, तो दिवा तुमचा होता. डॉक्टर चुकले, काकूंचा आत्माही चुकला, आणि सगळ्यांत जास्त मी चुकले. तुम्ही उजाडल्यावर उठला होतात. माझं आदल्या दिवशीचं ते बोलणं ऐकूनही तुम्ही बटन दाबलंत. चक्की चालू होती, तरी निरोप माझ्यापर्यंत आला, कारण तुमच्या हातच्या त्या तीन गुंडाळ्या तिथं होत्या. ज्या कामासाठी मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला, तेच काम आज तुमच्या बाजूनं साक्ष देतं. नंतर केव्हा तुम्ही पुन्हा कुशीवर वळलात, ते मला कळणार नाही. मी कप तसाच पाहून लगेच आले असते तर काय झालं असतं, तेही नाही. ते मी कोणाला विचारतही नाही.

ह्यांनी डबे काढून ठेवायचं म्हटलं. मी नाही म्हटलं.

आज सकाळी मी तुमच्या खोलीत गेले, खाटेवर बसले आणि बटन दाबलं. दिवा लागला की नाही, तिथून दिसेना. मधे भिंत, अंगण, पुन्हा भिंत. म्हणजे तो तुम्हालाही कधी दिसलाच नव्हता. दोन वर्षं ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. रोज तुम्ही बटन दाबून कान देऊन बसत असाल, आणि ओट्यावर बशी टेकली की तुम्हाला कळत असेल, पोहोचला. माझ्याकडं निदान लाल दिवा होता. तुमच्याकडं माझ्या बशीचा आवाज, तेवढाच. ज्या दिवशी बशी वाजली नसेल त्या दिवशी तुम्हालाही वाटलं असेल, मुद्दाम करते.

त्या सकाळी मी घाईत होते. बशी ठेवली हे नक्की, पण वाजेल अशी ठेवली की हळूच टेकवली, आठवत नाही. वर चक्कीचा आवाज. तुमच्या निरोपाच्या वाटेतल्या तारा, खटके, देवकाच्या पिठातली भरडसुद्धा मी तपासली. माझी बशी तुमच्यापर्यंत पोहोचली का, हे तपासायचं काही साधन माझ्याजवळ नाही. पोहोचली असेल असं मी धरून चालते, मोठे भाऊजी. असं नुसतं धरून चालायची मला सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.